नामांतर आणि आशयांतर : हावड्यातून दिसणारा सांस्कृतिक स्वातंत्र्याचा प्रश्न

राजकीय सत्तांतराची तारीख निश्चितपणे सांगता येते. भारत १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला, तर 'गोल्ड कोस्ट' ही ब्रिटिश वसाहत ६ मार्च १९५७ रोजी घाना म्हणून स्वतंत्र झाली. सांस्कृतिक स्वातंत्र्याची अशी तारीख नसते. परकीय सत्तेने मागे ठेवलेल्या संस्था, वास्तू, ज्ञान आणि भाषा यांचे काय करायचे, हा प्रश्न ध्वज बदलल्यानंतरही उरतो. आफ्रिकी विचारवंतांनी त्याची सखोल चर्चा केली. हुगळी नदीच्या पश्चिम तीरावरील हावडा शहरात हाच प्रश्न प्रत्यक्ष पाहता येतो.

फॅनन यांची मांडणी

मार्टिनिक बेटावर जन्मलेले आणि अल्जीरियाच्या मुक्तिलढ्यात सहभागी झालेले मानसोपचारतज्ज्ञ फ्रांझ फॅनन यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात राष्ट्रीय संस्कृतीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यांच्या मते वसाहतीतील सुशिक्षित वर्ग तीन टप्प्यांतून जातो : प्रथम शासकांचे अनुकरण, नंतर गतवैभवाचा शोध आणि शेवटी जनतेच्या संघर्षाशी एकरूपता. दुसरा टप्पा आत्मसन्मान जागवतो; मात्र तेथेच थांबल्यास संस्कृती जुन्या वस्तूंचा संग्रह बनते, असा इशारा त्यांनी दिला.

शिबपूरचे उद्यान

हावड्यातील शिबपूर येथे कर्नल रॉबर्ट किड यांच्या पुढाकाराने ईस्ट इंडिया कंपनीने १७८७ मध्ये वनस्पती उद्यान स्थापन केले. व्यापारास उपयुक्त झाडांची लागवड हा त्याचा प्रमुख हेतू होता. विल्यम रॉक्सबर्ग यांच्या काळात येथे भारतीय चित्रकारांनी वनस्पतींची दोन हजारांहून अधिक चित्रे काढली. संग्रह रॉक्सबर्ग यांच्या नावाने प्रसिद्ध झाला; बहुतेक चित्रकार मात्र अज्ञातच राहिले.

स्वातंत्र्यानंतर उद्यानाच्या नावातील 'रॉयल' हा शब्द जाऊन 'भारतीय' हा शब्द आला आणि २००९ मध्ये आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव देण्यात आले. त्याहून खोल बदल ज्ञानाच्या दिशेत होता. पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून १९५१ मध्ये भारतात परतलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ ई. के. जानकी अम्माळ यांनी भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुनर्रचनेचे काम हाती घेतले. आदिवासी समाजांच्या वनस्पतिज्ञानालाही त्यांनी अभ्यासात स्थान दिले. नाव बदलणे हे नामांतर. कोणाचे ज्ञान, कोणासाठी, हे बदलणे म्हणजे आशयांतर.

हावडा पूल

फेब्रुवारी १९४३ मध्ये खुला झालेल्या हावडा पुलाचा आराखडा ब्रिटिश अभियंत्यांचा होता. परंतु त्यासाठी लागलेल्या सुमारे २६,५०० टन पोलादापैकी सुमारे २३,००० टन पोलाद टाटांच्या कारखान्यातून आले. १९६५ मध्ये त्यास 'रवींद्र सेतू' हे नाव मिळाले. लोक आजही 'हावडा ब्रिज' असेच म्हणतात. यास वसाहतवादाचा अवशेष म्हणता येणार नाही. तागाच्या गिरण्यांत कामासाठी बिहार, ओडिशा आणि उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांसह लाखो लोकांनी दैनंदिन वापरातून तो पूल आपला केला. अधिकृत नाव शासन देते. आपलेपण वापरातून येते.

आफ्रिकेचा अनुभव

घानाने आपले नाव मध्ययुगीन साम्राज्यावरून घेतले. त्या साम्राज्याचा प्रदेश आजच्या मॉरिटानिया व मालीमध्ये होता. तरीही अनेक भाषिक समूहांना त्या नावाने समान ओळख दिली. काँगोमध्ये मोबुटू यांनी १९७१ मध्ये देशाचे नाव 'झाईर' केले आणि पुढे नागरिकांना ख्रिस्ती नावे सोडावयास लावली. सत्ता मात्र एका व्यक्तीच्या हाती एकवटली आणि १९९७ मध्ये जुने नाव परत आले.

टांझानियात ज्युलियस न्येरेरे यांनी स्वाहिली ही प्राथमिक शिक्षणाची भाषा केली. केनियाचे लेखक न्गूगी वा थिओंगो यांनी ग्रामस्थांसमवेत किकुयू भाषेत नाटक उभे केले. १९७७ च्या अखेरीस त्यांना विनाचौकशी स्थानबद्ध करण्यात आले. त्या वेळी केनिया स्वतंत्र होऊन १४ वर्षे झाली होती. जनतेच्या भाषेत जनतेचे प्रश्न मांडणे स्वकीय सत्तेलाही खुपू शकते, हे यातून स्पष्ट होते.

निष्कर्ष

नामांतर निरर्थक नाही. समाजाला आपला इतिहास स्वतः सांगण्याचा अधिकार त्यातून व्यक्त होतो. परंतु शिक्षण, ज्ञाननिर्मिती आणि सार्वजनिक व्यवहार यांत सामान्य माणसाला स्थान मिळाले नाही, तर ते पाटीपुरते उरते. उत्तर लिहिताना विद्यार्थ्यांनी नाव आणि आशय या दोन्ही कसोट्या लावाव्यात.

सरावासाठी प्रश्न : 'राष्ट्रीय संस्कृती ही केवळ वारशाने मिळत नाही, ती घडवावी लागते.' भारत व आफ्रिकेतील प्रत्येकी एका उदाहरणाच्या आधारे चर्चा करा.