मुका मार आणि स्वादुपिंड : एका उपचाराची परिभाषा

त्वचा न फाटता आत झालेल्या इजेस मराठीत 'मुका मार' म्हणतात. तमिळमध्ये तिलाच 'ऊमैक्कायम्' अशी संज्ञा आहे. 'ऊमै' म्हणजे मुका, 'कायम्' म्हणजे जखम. दोन भिन्न भाषाकुलांनी एकच रूपक योजावे, हे चेन्नईत वावरणाऱ्या मराठी अभ्यासकास लक्षणीय वाटल्यावाचून राहत नाही. मात्र मराठी बोलीत या शब्दास 'शेकून बरा होणारा मार' असा हलका अर्थही चिकटला आहे. स्वादुपिंडाच्या बाबतीत तो घातक ठरू शकतो.

हे इंद्रिय जठराच्या मागे, कण्यावर आडवे असते. सायकलचे हँडल मुलाच्या पोटात घुसले, तर ते हँडल व कणा यांमध्ये चिरडते. तरीही पहिल्या काही तासांत वेदना मामुली असू शकते; रक्तातील अमायलेज, किंबहुना सीटी-स्कॅनही, निर्दोष दिसू शकतो. पुढचा निर्णय मुख्य नलिकेवर अवलंबून असतो. अमेरिकन शल्यवैद्यांच्या १९९०च्या श्रेणीकरणातील पाचांपैकी पहिल्या दोन श्रेणींत ती अभंग असते. अशा वेळी प्रकृती स्थिर असेल आणि अन्य इंद्रियास गंभीर इजा नसेल, तर सहसा पोट उघडीत नाहीत. तोंडाने अन्न बंद, शिरेतून द्रव, गरज पडल्यास लहान आतड्यात सोडलेल्या नळीतून पोषण, आणि वारंवार तपासणी. नलिका तुटल्यास प्रौढांत बहुधा शस्त्रक्रियाच; निवडक रुग्णांत दुर्बिणीतून स्टेंट बसवितात. पुढे रस साचून पुटी झाली, तर तीही पुष्कळदा दुर्बिणीनेच जठरात रिकामी करता येते.

एवढ्या खटाटोपास आपण 'शस्त्रक्रियाविरहित उपचार' म्हणतो! नातेवाइकांच्या कानी त्यातला नकारच पडतो : डॉक्टर काहीच करीत नाहीत. चेन्नईत गलाईचा व्यवसाय करणाऱ्या सांगलीकडील कुटुंबांची अडचण तर दुहेरी. तमिळ डॉक्टर म्हणतो 'कणैयम्', तेलुगू परिचारिका 'क्लोममु', आणि 'स्वादुपिंड' हा शब्द घरात कोणी उच्चारलेला नसतो. (त्या शब्दात मला तरी इंग्रजी खाटीकखान्यातील 'स्वीटब्रेड'ची छाया दिसते.) चरक-सुश्रुतांनी 'क्लोम' उदकवह स्रोतसाचे मूळ मानले, ते इंद्रिय नेमके कोणते, हा वाद मिटलेला नाही. तेलुगूने मात्र तो शब्द स्वादुपिंडास देऊन टाकला. हिंदीने 'अग्न्याशय' पत्करला, मल्याळमने 'आग्नेयग्रंथि'.

'निरीक्षणोपचार' ही संज्ञा मला अधिक प्रामाणिक वाटते. संमतिपत्रावर तिच्याखाली साध्या मराठीत एवढे असावे : पोट, नाडी आणि ताप आम्ही पुनःपुन्हा पाहत राहू, बिघाड दिसला तर शस्त्रक्रिया करावी लागेल.