खारातल्या भाताचं दुखणं

बाळू, यंदापासून खारातली खाचरं तू करणार म्हणतोस. तर शेंडे पांढरे पडले की युरिया मारायचा, ही माझी जुनी खोड तू उचलू नकोस. पान सुकलं म्हणजे रोप भुकेलं, असं मला वर्षानुवर्षं वाटायचं. खरा प्रकार तुझ्या आत्याच्या मुलीने समजावला. ती वनस्पतिशास्त्र शिकवते.

मीठ मातीतलं पाणी धरून ठेवतं, म्हणून चिखलात उभं रोपही तहानलेलं असतं. तहानेने ते पानाची छिद्रं मिटून घेतं आणि हवा आत यायची थांबते. ऊन मात्र पडतच राहतं. त्या उन्हाची ताकद साखर करण्यात जायची, ती प्राणवायूवर जाते आणि तो माथेफिरू होतो. पेशींचे पापुद्रे, हरितद्रव्य, समोर येईल ते जाळतो. पुढे सोडियमही पानात चढून साठतं, ते जुन्या पानांत आधी.

रोप गप्प बसत नाही. सुपरऑक्साइड डिसम्युटेज नावाचं विकर त्या माथेफिरूला धरून त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. जखमेवर ओतल्यावर फेसाळतं ना, तेच. मग कॅटलेज आणि ॲस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज त्याचं पाणी करून टाकतात. यातल्या दुसऱ्याला आवळ्यातलं क जीवनसत्त्व लागतं. थोडं पेरॉक्साइड रोपाला हवंही असतं, धोक्याची वर्दी त्यानेही पोचते. पण ही सगळी उठाठेव साखरेवर चालते. लोंबीत जायची ती साखर इथे जळते आणि झोडणीला पळंज निघतं. म्हणून रोपावर ही पाळीच कमी येईल असं बघ.

बी मिठाच्या पाण्यात टाकायला घाबरू नकोस. 10 लिटरला 300 ग्रॅम मीठ, तरंगेल ते फेकायचं, बुडेल ते गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुवायचं. रुजताना भात मीठ बऱ्यापैकी सोसतं. दोन-तीन पानांचं झालं की नाजूक होतं, आणि पुन्हा फुलोऱ्यात. म्हणून आवण खारात टाकू नकोस, वरकस जागेत टाक. लावणीला 30 दिवसांची रोपं घे, चुडात दोन-तीन ऐवजी चार-पाच. बियाणं पनवेलच्या खारजमीन केंद्राचं, पनवेल-1, 2, 3 यांपैकी.

पहिल्या पावसाचं पाणी खाचरात कोंडून मुरव आणि ओहोटीला बांधाच्या उघाडीतून सोडून दे. त्याआधी घाईने लावणी करू नकोस. श्रावणात पावसाने दडी मारली की खाचर उघडं पडू देऊ नकोस, खालचं मीठ वर चढतं.

शेंडे पांढरे दिसले तर आधी खालची पानं बघ, मग अख्खं खाचर. नत्राची भूक खाचरभर सारखी पिवळी दिसते. मिठाचे चट्टे पडतात, उंचवट्यावर आधी. पालाश कमी पडू देऊ नकोस, मुळाशी सोडियम त्याच्या वाटेनेही आत घुसतं. जस्त माती तपासून दे. त्या पहिल्या विकराच्या एका जातीला तांबं आणि जस्त लागतं, म्हणून हे सांगतोय. झिंक सल्फेट स्फुरदाच्या खतात मिसळू नकोस.

प्रयोगशाळेचा क्षारतेचा आकडा आला की मोजला कसा ते विचार. जमीन खारी म्हणायची ती 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर, पण तो आकडा संपृक्त मातीच्या अर्काचा. एकास अडीच पाणी घालून मोजलं तर त्याच मातीचा आकडा कमी येतो आणि माणूस फसतो. जिप्सम चोपण जमिनीला, सामू साडेआठाच्या वर असेल तर. नुसत्या मिठाला गोडं पाणी आणि निचरा.

दुकानदार त्या माथेफिरूला आवरणाऱ्या अँटिऑक्सिडंटची बाटली दाखवील. प्रयोगांत काही फवारण्यांचा गुण दिसलाय, पण आपल्या बांधाला खेकड्यांची बिळं असताना मी तरी ते पैसे बाटलीत घालणार नाही. अमावास्येच्या उधाणाआधी उघाडीची झडप बघून ठेव. खालच्या अंगाने झिरपतेय, मागच्या खेपेला मी चिंध्या कोंबल्या होत्या.