जुनी गिअरची सायकल: ठेवावी की काढावी?

माउंटन बाइक म्हणून विकली गेलेली सायकल आपल्याकडे डोंगरावर क्वचितच जाते. देवगाव फाट्याला ती सेलूच्या नाहीतर जिंतूरच्या डांबरी रस्त्यावर चालते, आणि तिथून उतरली की काळ्या रानातल्या पांदणीत शिरते. त्यामुळे ती जुनी झाल्यावर दुरुस्त करायची की नवी घ्यायची, याचा हिशेब शहरातल्या हौशी सायकलवाल्याच्या पद्धतीने करण्यात अर्थ नाही. माझं मत असं की सायकलचं वय आणि दुरुस्तीचं एकूण बिल, दोन्ही इथे दुय्यम आहेत. फ्रेम धड आहे का, आणि जो भाग गेला आहे तो आपल्याला मुळात लागतो का, हे आधी बघावं. बहुतेक सायकली या दोन प्रश्नांत तरतात. तरी त्या भंगारात जातात, कारण दुकानातली नवी चकचकीत असते.

यावर लगेच येणारा आक्षेप ठरलेला आहे: एवढे पैसे घालण्यापेक्षा थोडे आणखी घालून नवीच का घेऊ नये? हा आक्षेप बिलाची बेरीज बघतो, बिलात काय आहे ते बघत नाही. टायर, ट्यूब, चेन, केबल, ब्रेकचे रबर हा सायकलचा चारा आहे. बैल बदलला म्हणून चारा वाचत नाही. तो खर्च नव्या सायकललाही काही काळाने येणारच, म्हणून तो बिलातून आधी वजा करावा. उरलेल्या रकमेची तुलनाही दुकानातल्या सगळ्यात स्वस्त सायकलशी करू नये, जुनीच्या तोडीच्या नव्या सायकलशी करावी. दुरुस्तीच्या पैशांत जी नवी सायकल येते तिचे रिम, हब, छर्रे बहुधा जुनीपेक्षा हलके निघतात. कर कमी झाला म्हणून नवी स्वस्त पडते, हेही अर्धंच खरं. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, पण तो सुट्या भागांवरचाही आला. पारडं जिथे होतं तिथेच राहिलं.

पैसा खरा वाया जातो तो उशिरा केलेल्या दुरुस्तीत, आणि त्याचं ठळक उदाहरण चेन. चेनच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत अर्धा इंच अंतर असतं, म्हणजे 24 कड्या बरोबर 12 इंच भरायला हव्यात. फूटपट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरावा. शेवटची पिन 12 इंचांच्या पुढे 1/16 इंच गेली असेल तर फक्त चेन बदलून भागतं. 1/8 इंच गेली असेल तर फ्रीव्हीलचे दातही त्या लांबलेल्या चेनबरोबर झिजलेले असतात; त्यावर नवी चेन घातली की ती जोर लावताच सटकते, आणि मिस्त्रीने वाईट माल दिला असं आपण म्हणतो. आपल्याकडे पावसाळ्यात काळी माती चेनवर बसते आणि लोक तिच्यावरच तेल ओततात. आधी रॉकेलने धुऊन, पुसून, कोरडी करून मग तेलाचे थेंब सोडले तर हा खर्च बराच पुढे ढकलता येतो.

आता दुसरा प्रश्न: गेलेला भाग लागतो का? स्वस्त सायकलचा पुढचा शॉकअप म्हणजे नळीत बसवलेली साधी स्प्रिंग. ती गंजली, नळीत ढिलाई आली की चाक डुगडुगतं आणि सायकल गेली असं ठरवलं जातं. वास्तविक त्या जागी साधा सरळ चिमटा बसतो. वरच्या नळीची जाडी जुळावी आणि चिमट्याची उंची जुन्याच्या जवळपास असावी, नाहीतर पुढची बाजू खाली येऊन हँडल चंचल होतं. सपाट रस्त्यावर 21 गिअरची गरजही फार थोड्यांना असते. एकाच गिअरवर सायकल करायची तर मागचं चाक बसतं ती खाच बघावी: आडवी असेल तर चाक मागे ओढून चेन ताणता येते, उभी असेल तर ताणाला छोटी पुली लागते. जिंतूरकडच्या चढावर रोज जाणाऱ्याने मात्र गिअर ठेवावेत. शॉकअप आणि गिअर काढले तर माउंटन बाइक उरली काय, असं कोणी विचारेल. तर या सायकलीचा जन्मच जुन्या सायकलींच्या दुरुस्तीतून झाला. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात काही तरुण 1930-40 च्या काळातल्या जाड टायरच्या श्विन सायकली डोंगरावरून खाली पळवत. शॉकअप नव्हतेच. उतरताना हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून जाई आणि दरवेळी नवं भरावं लागे.

सुटे भाग मिळत नाहीत ही तक्रार अर्धी मापाची आहे. 26 इंची टायर मागितला की दुकानदार देतो तो कधीकधी रिमवर बसतच नाही, कारण जुन्या साध्या सायकलीचा 26 × 1⅜ टायर 590 मिलिमीटरच्या रिमचा आणि माउंटन बाइकचा 26 × 1.95 हा 559 च्या रिमचा. टायरच्या कडेला हा आकडा छापलेला असतो, तो लिहून न्यावा. कंपनी बंद पडली म्हणूनही घाबरू नये. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 ला, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद झाला. पण ठरीव मापाचे छर्रे, चेन, पॅडल अनेक कारखाने बनवतात, आणि त्यावर अ‍ॅटलासही चालत राहते.

फ्रेमला तडा असेल तर मात्र माझा सगळा युक्तिवाद थांबतो. हँडलखालचा जोड, पॅडलच्या धुरीभोवतीची जागा आणि मागे शॉकअप असल्यास त्याचे सांधे कापडाने स्वच्छ पुसून उजेडात बघावेत. रंगावर केसासारखी रेघ आणि तिच्यात गंज दिसला तर तो ओरखडा समजू नये. मग लोहचुंबक लावावं. चिकटलं तर लोखंडी नळी, ती पितळ वापरून गॅसवर जोडता येते, पण ट्रॉलीला लावतात त्या जाड वेल्डिंगने पातळ नळी जळते. चिकटलं नाही तर अ‍ॅल्युमिनियम. वेल्डिंगच्या उष्णतेने त्याची जोडाजवळची ताकद जाते, ती परत आणायला ठरावीक तापमानाच्या भट्टीतली प्रक्रिया लागते, आणि ती फाट्यावर होत नाही. अशा सायकलची चाकं, सीट, पॅडल काढून घ्यावीत आणि फ्रेम भंगारात देण्याआधी करवतीने मधोमध कापावी, म्हणजे कोणी तिला डाग देऊन, रंग मारून शाळेच्या पोराला विकणार नाही.