राजगडाहून तोरण्याला निघालेल्या भाच्यास

परंडा,
दि. 2 डिसेंबर

चि. भाचेबुवांस,


ताई काल घरी आली होती. तू कॉलेजच्या मुलांबरोबर राजगड–तोरणा करणार म्हणून ती काळजीत आहे आणि मी खुशीत. तिला तुझ्या पायांची काळजी. मला ती नाही. परंड्यात वाढलेल्या पोराला चालायला शिकवावं लागत नाही. पण दहा-बारा जणांनी पाठीवर बिऱ्हाड घेऊन दोन दिवस एकत्र चालायचं, हे प्रकरण वेगळं आहे. पुण्यात शिकत होतो तेव्हा हॉस्टेलच्या पोरांबरोबर हीच वाट मी चाललो आहे, म्हणून चार शब्द.

आधी वाटेचं. आपला किल्ला भुईकोट. खंदक ओलांडला की आत, बुरुजावर चढलं की गड सर. तिकडे तसं नाही. गुंजवण्यातून चोर दरवाज्याची खडी वाट चढलात की पद्मावती माचीवर पोचाल. तिथून संजीवनी माची, अळू दरवाजातून खाली, आणि मग डोंगराची सोंड धरून तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत. सोंडेवर पाण्याचा भरवसा नाही, सावलीही बेताचीच. म्हणून पहाटे निघा आणि राजगडावरच बाटल्या भरून घ्या. तोरणा 1403 मीटर उंच. तो दिवसाच्या शेवटी, दमलेल्या पायांनी चढायचा आणि शिवाय पायथ्याच्या वेल्ह्याला उतरायचंही. सपाटीवरच्या माणसाला चढ दमवतो, पण कामातून घालवतो तो उतार. गुडघे बोलायला लागतात, बोटं बुटात पुढं रेटली जाऊन नखं काळीनिळी पडतात. नखं कापून जा, बूट वापरातलेच घाल. आम्ही पद्मावतीच्या देवळात पथाऱ्या टाकायचो. आता गडावर मुक्काम करू देतात का, ते निघण्याआधी विचारून घ्या. देत नसतील तर पायथ्याच्या गावात राहा, भल्या पहाटे चढा.

सॅक भरताना हात आखडता घे. आपल्या किल्ल्यावरची मुलूखमैदान तोफ 1632 साली विजापूरला नेली, तेव्हा ती ओढायला माणसं होती, जनावरं होती. तुझी सॅक तुझ्याच खांद्यांवर असणार. दोन जोड कपडे, टॉर्च, अंथरूण-पांघरूण, पाणी, पायाला लावायची चिकटपट्टी. ताईचे धपाटे आणि शेंगांची चटणी मात्र जरूर ने. दोन दिवस टिकतात आणि शहरातली पोरं त्यावर तुटून पडतात. शिधा आणि भांडी एकाच्या पाठीवर नकोत, सगळ्यांत वाटून घ्या. सामायिक खर्चाचा हिशेब एकाकडे ठेवा आणि तो त्याच रात्री मिटवा. दुसऱ्या दिवशी अंग दुखायला लागलं की माणसं किरकोळ गोष्टींवरून एकमेकांवर खेकसतात. बहुतेक भांडणं खरकट्या पातेल्यावरून सुरू होतात. ते पातेलं तू आपणहून घासून टाक.

आता चालण्याचं. आषाढीला पैठणहून नाथांची पालखी येते, परंड्यात मुक्काम करते. लहानपणी तू वारकऱ्यांना पाणी द्यायला धावायचास. दिंडी कशी चालते ते आठव. पुढं पताका, मग टाळकरी, विणेकरी, मागं डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. कितीही तरणाबांड गडी असला तरी तो पताकेला मागं टाकून पळत नाही. सत्तरीची म्हातारी पंढरपूरपर्यंत पोचते, कारण चाल तिला झेपेल अशीच ठेवलेली असते. तुम्हीही तेच करा. वाट माहीत असलेला एक पुढं आणि एक खमका गडी सगळ्यात मागं. त्याच्या मागं कोणी राहायचं नाही. पुढचे थांबले आणि मागचा येऊन पोचल्याबरोबर उठून चालू लागले, तर त्याला विसावा कुठला? तो आल्यावर पाच मिनिटं तरी बसा.

त्याच म्हातारीकडून आणखी एक घे. मुक्कामाला ती पाय पसरून बसते, टाचेचा फोड चारचौघांत दाखवते आणि म्हणते, 'लेकरा, जरा तेल आण रं.' तिला त्यात कसला कमीपणा वाटत नाही. आपल्या पोरांना मात्र वाटतो, पुण्यात गेल्यावर तर फारच. एका खेपेला आमच्यातल्या एकाचे बूट नवे होते. टाच संजीवनी माचीवरच घासायला लागली होती. इतर हसतील, गावाकडचा म्हणून नावं ठेवतील, या भीतीनं तो गप्प राहिला. अळू दरवाजा उतरून सोंडेवर आलो तेव्हा तो पाय तिरका टाकत होता. बसवून मोजा काढला, तर टाचेची कातडी मोज्याबरोबर निघून आली. सकाळी बोटभर चिकटपट्टीनं भागलं असतं. आता त्याची सॅक दोघांनी घेतली, तिघे आळीपाळीनं आधाराला लागले, आणि मधल्या रस्त्यावरूनच आम्हाला वेल्ह्याची वाट धरावी लागली. तोरणा राहिला त्याचा कोणाला राग नव्हता. सकाळी का बोलला नाहीस, एवढंच सगळे त्याला विचारत होते.

मला तुला खरं सांगायचं आहे ते हेच. पाय घासतोय, तहान लागली, कड्याची भीती वाटते, दम लागला, यातलं काहीही असो, लगेच सांग. वेळेवर सांगितलेली अडचण सगळ्यांची मिळून पाच मिनिटं घेते. लपवलेली सगळ्यांचा दिवस घेते. ती कोणाच्या तरी खांद्यावर येतेच, फक्त न विचारता येते. स्वतः सांगणारा माणूस दुसऱ्यालाही सांगायला मोकळं करतो. कोणी गप्प गप्प होऊन मागं पडताना दिसला तर 'बरा आहेस ना' असं विचारू नकोस. त्यावर तो 'हो' म्हणणारच. 'बूट काढून दाखव' म्हण. हे पुण्यात, हॉस्टेलवर, परीक्षेच्या दिवसांतही लागू आहे, हे तुला वेगळं सांगायला नको.

वेल्ह्याला उतरलास की आधी ताईला फोन कर, मग मला. वेळ टळत असेल तर खुशाल मधूनच उतरा. तोरणा जागचा हलत नाही, पुढच्या हिवाळ्यात करता येईल. पण बरोबरचा माणूस वाटेत एकटा टाकून आलास, तर इकडे परंड्याला तोंड दाखवू नकोस.

कळावे,
तुझा मामा