लहान मुलांशी भूकंपाबद्दल कसे बोलावे?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीची जड धाबी झोपेतल्या माणसांवर कोसळली. हजारो जीव गेले. २०२४ मध्येही हिंगोली-नांदेड भागात धक्के जाणवले. अशा वेळी घरातले लेकरू विचारते, “आई, आपलं घर पडेल का गं?”

“गप्प झोप, काही होत नाही,” असे म्हणून हा प्रश्न टाळू नये. मूल गप्प बसते, पण त्याची भीती जात नाही. शेषनाग हलला, पाप वाढले असेही सांगू नये. आपल्याच खोडीमुळे हे घडले, असे लहान मुलांना सहज वाटते. त्यांना खरे आणि थोडक्यात सांगावे : “जमिनीखाली मोठे खडक असतात. ते कधीकधी सरकतात, म्हणून जमीन हलते. यात कुणाची चूक नसते. तेव्हा काय करायचं, ते आपण शिकून ठेवू.”

मग खेळासारखा सराव घ्यावा. आईने “हललं!” म्हणताच मुलांनी मजबूत टेबलाखाली शिरावे, डोके झाकावे, टेबलाचा पाय घट्ट धरावा. टेबल नसेल तर खिडकी आणि कपाटापासून दूर बसून दोन्ही हातांनी डोके-मान झाकावी. रात्री अंथरुणात असल्यास उशी डोक्यावर घ्यावी. घर दगड-मातीचे असेल, दार अगदी जवळ असेल आणि बाहेर मोकळी जागा असेल, तर लगेच बाहेर पडावे. धक्का थांबल्यावर सर्वांनी कुठे जमायचे ती जागा मुलांना प्रत्यक्ष नेऊन दाखवावी.

धक्क्यानंतर काही मुले अंथरूण ओले करतात, आईला सोडत नाहीत, पोट दुखते म्हणतात, झोपेत दचकतात. त्यांना रागावू नये, हसू नये. जवळ घ्यावे, चित्र काढू द्यावे, जेवण-झोप-शाळेची वेळ नेहमीची ठेवावी. टीव्ही-मोबाइलवरची पडझडीची दृश्ये पुन्हा पुन्हा दाखवू नयेत. महिन्याभरानंतरही त्रास कमी झाला नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.

“कधीच होणार नाही,” असे वचन आपण देऊ शकत नाही. पण काय करायचे हे ठाऊक असलेले मूल कमी घाबरते. आज रात्रीच पाहा, मूल झोपते त्या जागेच्या वरच्या फळीवर जड डबे, पेटी आहे का? असेल तर मुलाच्या मदतीने खाली उतरवा. पहिला धडा तिथूनच सुरू होईल.