दार आपटण्याआधी

पाहुणे आले की माझी लेक माझ्या मागे लपायची आणि मी अवघडून म्हणायचे, ‘आमची ही फार बुजरी आहे हो.’ तिच्यादेखत किती वेळा म्हटलं असेल! एकदा सगळे गेल्यावर तीच, सहा वर्षांची, हळूच म्हणाली, ‘आई, आजी रडलीय का गं? तिने चहा तसाच ठेवलाय.’ आजीच्या बालमैत्रिणीच्या निधनाचा फोन सकाळीच आला होता. घरात आम्ही चार मोठी माणसं होतो. एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

आई-बाबांनो, स्वभाव आणि भावनांची समज यांत आपण फार गल्लत करतो. चुणचुणीत, बोलकं मूल समंजस वाटतं, गप्प मूल घुमं. स्वभाव बराचसा मूल घेऊनच येतं. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्याने १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये शंभराहून अधिक मुलांना तान्हेपणापासून वर्षानुवर्षं न्याहाळलं. कुणी नव्या माणसाकडे लगेच झेपावतं, कुणाला रुळायला वेळ लागतो, कुणाचं हसणं-रडणं सगळंच जोरात. हे फार लवकर दिसू लागतं. त्यांनी भर दिला तो मुलाचा स्वभाव आणि घरच्यांच्या अपेक्षा यांचा मेळ बसतो का, यावर.

भावनांची समज ही निराळी गोष्ट. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये ‘भावनिक बुद्धिमत्ता’ मांडली, ती क्षमता म्हणून: स्वतःच्या, दुसऱ्याच्या भावना ओळखणं, त्या सांभाळणं, विचार करताना त्यांचा उपयोग करणं. आणि याचे पहिले धडे घरातच मिळतात. आपण कसे रागावतो, रागावल्यावर काय बोलतो, चुकलं तर मुलाची माफी मागतो का, हे मुलं रोज बघत असतात.

माझा धाकटा तापट. ‘गप्प बस’ म्हणून काही साधलं नाही. मग मी त्याच्या शेजारी बसून विचारू लागले, ‘राग आलाय ना? ताईने न विचारता रंगपेटी घेतली म्हणून?’ कधी तो मान डोलवायचा, कधी ‘नाही, मला वाईट वाटलंय’ म्हणायचा. यात वर्ष-दीड वर्ष गेलं. स्वभाव काही बदलला नाही.

परवा मात्र तो म्हणाला, ‘आई, मला आत्ता खूप राग येतोय. मी आत जातो.’ दार त्याने आपटलंच. पण आधी सांगितलं होतं.