फेफऱ्याचे औषध आणि मुलाचा बदललेला स्वभाव

अपस्मार, म्हणजे बोलीत ज्याला फेफरे, फिट किंवा मिरगी म्हणतात तो मेंदूतील विद्युत्-क्रियेच्या अकस्मात उसळीमुळे वारंवार झटके येण्याचा आजार, योग्य औषधोपचाराने बहुतेक रुग्णांत आटोक्यात येतो. मात्र झटके थांबले म्हणजे सारे मार्गी लागले, असे किशोरवयीन रुग्णाबाबत मानून चालत नाही. कारण आजवर शांत असलेला मुलगा क्षुल्लक कारणावरून ताट ढकलून उठू लागतो, धाकट्या भावंडावर हात उगारतो किंवा दिवसदिवस कोणाशी बोलत नाही, आणि हा बदल औषधामुळेही झालेला असू शकतो, हे घरात कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

उदगीरसारख्या तालुक्याच्या गावी या बदलाला तीन कारणे हमखास चिकटवली जातात. मुलाला बाहेरचे काही लागले म्हणून देवऋषी गाठला जातो, वयच तसे म्हणून सोडून दिले जाते, किंवा दहावी-बारावीच्या अभ्यासाचा ताण म्हणून समजूत घातली जाते. तिसऱ्या कारणात तथ्य असू शकते, कारण शिकवणीसाठी लातूरला राहणाऱ्या मुलांची जागरणे होतात, खोलीवर गोळी चुकते, आणि अपुरी झोप झटका व चिडचिड या दोहोंनाही निमंत्रण देते. तरीही औषध सुरू झाल्यानंतर किंवा त्याची मात्रा वाढल्यानंतर काही आठवड्यांत स्वभाव पालटला असेल, तर पहिला संशय औषधावरच घेतला पाहिजे.

लेव्हेटिरॅसिटम हे आज सर्रास दिले जाणारे औषध परिणामकारक आहे, इतर औषधांशी त्याचा फारसा संघर्ष होत नाही. परंतु चिडचिड, आक्रमकता आणि खिन्नता हे त्याचे सुपरिचित दुष्परिणाम आहेत. १९१२ पासून वापरात असलेले आणि स्वस्त असल्याने अजूनही दिले जाणारे फिनोबार्बिटोन काही मुलांना सुस्त, तर काहींना अतिचंचल व हट्टी करते. टोपिरामेटने नेमका शब्द आठवेनासा होतो, आणि वर्गात उत्तर न सुचणारे मूल ‘ढ’ ठरते, हा त्याच्यावर होणारा मोठा अन्याय होय. याउलट लॅमोट्रिजिन, कार्बामाझेपिन व व्हॅल्प्रोएट ही औषधे मनःस्थिती स्थिर ठेवण्यासाठीही वापरली जातात; पण लॅमोट्रिजिनची मात्रा गंभीर पुरळाच्या भीतीने फार सावकाश वाढवावी लागते, आणि व्हॅल्प्रोएट पुढे गरोदरपणात गर्भाला अपायकारक ठरत असल्याने मुलींना शक्यतो टाळले जाते. म्हणजे औषध बदलणे हा तज्ज्ञाचाच निर्णय आहे.

नेमका येथेच अनेक घरांत घात होतो. गोळीनेच पोर बिघडले, हे उमगताच गोळी एका दिवसात बंद केली जाते, आणि मग झटके पूर्वीपेक्षा जोराने उलटतात. पाच मिनिटांहून अधिक काळ न थांबणारा झटका जिवावर बेतू शकतो. औषध एकाएकी न थांबवता एका वहीत गोळीचे नाव, मात्रा, ती सुरू केल्याची व वाढवल्याची तारीख, आणि त्याच पानावर रागाचे, रडण्याचे, झोपेचे व झटक्यांचे दिवस लिहून ठेवावेत. झटक्याच्या आधी किंवा नंतरही मन बिघडू शकते आणि नैराश्य अपस्मारासोबत स्वतंत्रपणेही येते. या गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढायला डॉक्टरांना तारखांसारखा दुसरा आधार नाही. वही पाहून ते मात्रा कमी करतील, औषध हळूहळू बदलतील किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतील. उदगीरकरांना त्यासाठी लातूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. तपासणीच्या वेळी मुलाला काही मिनिटे एकट्याने बोलू द्यावे, कारण आईवडिलांसमोर तो मनातले बोलेलच असे नाही.

अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००८ मध्ये ११ अपस्मारविरोधी औषधांच्या १९९ चाचण्या तपासल्या, तेव्हा आत्महत्येचे विचार वा कृती औषध घेणाऱ्यांत ०.४३ टक्के आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ०.२४ टक्के आढळली. धोका थोडा आहे, पण शेतकरी कुटुंबात फवारणीचे औषध हाताशी असते, म्हणून ते आणि गोळ्यांचा साठा दोन्ही कुलपात ठेवावेत. मूल ‘जगून काय करू’ असे एकदा जरी म्हणाले, तरी ते नाटक न समजता त्याला एकटे सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. टेली-मानस ही शासकीय मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे.